डबा प्रोटीनचा, गाडगं दह्याचं

हल्ली आमच्या खर्ड्यात ज्या घरात अठरा-वीस वर्षांचं पोरगं आहे, त्या घरातल्या फळीवर एक भला मोठा प्लॅस्टिकचा डबा हमखास दिसतो. त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र आणि आत व्हॅनिलाचा नाहीतर चॉकलेटचा वास मारणारी पावडर. डब्याच्या शेजारी, मैत्रिणींनो, आणखी एक वस्तू आताशा दिसायला लागलीय. गॅसच्या गोळ्यांची पट्टी!

आमच्याही घरात ही जोडी नांदतेय. भाचा शिकायला आमच्याकडे असतो. सकाळी किल्ल्याच्या बाजूला पळायला जातो, संध्याकाळी जिम. आल्यावर अर्धा लिटर दुधात दोन चमचे पावडर (तो चमचा म्हणजे आपला डाव समजा), वर दोन केळी, आणि गटागटा. रात्री मात्र पोट धरून बसतो. "मावशी, पोट नुसतं डब्ब झालंय." मी म्हटलं, पावडर चार दिवस बंद करून बघ. तर म्हणतो, "तुला नाही कळायचं, मसल जाईल माझा." आणि परवा मेडिकलमधून कसल्याशा कॅप्सूल घेऊन आला. म्हणे 'प्रोबायोटिक' आहेत, 'गट हेल्थ'साठी. किंमत ऐकली आणि मनात आलं, एवढ्यात घरातलं चार दिवसांचं दूध आलं असतं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागले. वाचलं, डॉक्टरांना विचारलं, तालमीत आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्यांशीही बोलले. कारण आपल्यापैकी बऱ्याचजणींच्या घरात आज कुणी ना कुणी अंग कमावतंय. मुलगा जिमला जातो, मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. आणि त्यांच्या पोटात काय जातं ते शेवटी आपल्याच हातातून जातं ना?

आधी त्या शब्दाचं बघू. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत सूक्ष्म जिवाणू, जे पुरेशा संख्येनं पोटात गेले तर शरीराला फायदा करतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2001 साली केलेली ही व्याख्या. त्यातले दोन शब्द महत्त्वाचे, 'जिवंत' आणि 'पुरेशा'. मेलेले चालत नाहीत, चिमूटभर असून भागत नाही. आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणूंची वस्तीच असते. आपल्याला न पचलेला कोंडा-चोथा ते खातात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. दह्याचे जिवाणू या वस्तीत येणारे पाहुणे. राहतात, मदत करतात, निघून जातात. म्हणून तर दही रोज खायचं असतं, महिन्यातून एकदा वाडगाभर खाऊन उपयोग नाही.

दह्याला जगात मोठेपण मिळवून दिलं ते मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात, असं त्याचं मत होतं. पुष्कळ ठिकाणी छापून येतं की याबद्दल त्याला नोबेल मिळालं. तसं नाही हं! 1908 चं त्याचं नोबेल होतं रोगप्रतिकारशक्तीवरच्या संशोधनासाठी. दह्याचं त्याचं नंतरचं वेड. पण वेड असलं तरी चांगलं वेड!

आता आमच्या गावाबद्दल. खर्डा म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी मिरचीचा खर्डा आठवतो, मग इतिहासाच्या पुस्तकातली 1795 ची निजामाबरोबरची लढाई. आम्हाला आठवतो तो हगामा. आमच्या नगरकडे जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाला हगामा म्हणतात. नारळावरच्या पोरासोरांच्या कुस्त्यांपासून सुरू होतो आणि इनामाच्या मोठ्या कुस्तीवर संपतो. कुस्तीचं वेड या भागात अजून टिकून आहे. 2025 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरला झाली, तेव्हा आमच्याकडची पोरं टेम्पो करून गेली होती. सांगायचा मुद्दा हा, की अंग कमावणं आपल्याला नवं नाही. नवा आहे तो डबा.

पैलवानाच्या खाण्याला 'खुराक' म्हणतात. दूध, तूप, बदाम घोटून केलेली थंडाई, खारीक, अंडी, मटण. हे ऐकून वाटतं, बाप रे, यांची पोटं कशी राहत असतील? पण जुन्या लोकांना खोदून विचारलं की खुराकाची दुसरी बाजू कळते. ज्वारीच्या भाकरी असायच्या, कांदा असायचा, डाळ असायची, दुपारी तांब्याभर ताक असायचं. आणि खुराक एका दिवसात वाढत नसे. वस्ताद पोराला आधी पाव शेर दूध पचवायला लावायचा, महिन्यानं अर्धा शेर. "खाल्लं किती ते नको सांगू, जिरवलं किती ते सांग," हे तालमीतलं बोलणं. पोट साफ नसेल त्या दिवशी जोर-बैठका कमी. आजच्या भाषेत यालाच 'गट हेल्थ' म्हणायचं, दुसरं काय!

(सगळं जुनं ते सोनं असं मात्र मी म्हणणार नाही. तुपाचे वाडगेच्या वाडगे रिचवायचे आणि कुस्ती सुटली तरी खुराक सुटायचा नाही. मग चाळिशीत पोट सुटलेले आणि गुडघे धरून बसलेले पैलवानही आपण पाहिलेत.)

आमच्या जामखेड तालुक्यात 'पोटाचं आरोग्य' या शब्दांना आणखी एक अर्थ आहे आणि तो बायकांनी घडवलाय. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या पती-पत्नीनं जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा पोट म्हणजे हगवण. पोरं जुलाबानं सुकून जायची. आरोळ्यांनी गावोगावच्या बायका, त्यातल्या कितीतरी अक्षरशत्रू, निवडून त्यांना शिकवलं. पाणी शुद्ध ठेवा, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. या बायकांनी गावंच्या गावं बदलली. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या काळच्या आयांना एक गोष्ट पुस्तक न वाचता माहीत होती. वारंवार पोट बिघडणाऱ्या लेकराला कितीही भरवलं तरी त्याचं अंग भरत नाही. आतडं आजारी असलं की घास शरीराला लागतच नाही. जिमवाल्या पोरालाही नेमकं हेच सांगायचं आहे.

तर भाच्याचं पोट का फुगत होतं? कारण साधं निघालं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, अर्ध्या लिटरमध्ये जवळजवळ तेवीस ग्रॅम. ती पचवणारा पाचक रस लहानपणी भरपूर असतो आणि वय वाढतं तसा पुष्कळांच्या पोटात कमी होत जातो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात. मग गॅस, गुडगुड, कधी पातळ शौच. त्यात ती पावडर! ती कसली असते ठाऊक आहे? चक्का बांधल्यावर फडक्यातून जे पाणी गळतं, पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्यातलं प्रोटीन वेगळं काढून सुकवलं की झाली 'व्हे' पावडर. त्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा-आठ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे किलोभर पावडरीला शंभरावर लिटर पाणी आटवायचं. महाग असते ती म्हणून. स्वस्तातल्या पावडरीत थोडं लॅक्टोजही उरतं, शिवाय गोडी आणणारी रसायनं असतात. त्यातली काहीही पोट फुगवतात. दूध, पावडर, केळी आणि गोडी, सगळं एकदम, तेही घटाघटा! पोटानं काय करावं?

दह्यात तीच साखर असते, पण विरजणाच्या जिवाणूंनी थोडी आधीच खाल्लेली असते. उरलेली पचवायला तेच जिवाणू आपल्या पोटातही मदत करतात. दूध न सोसणाऱ्या कितीतरी लोकांना दही-ताक सोसतं ते यामुळे. ही काही आजीबाईची समजूत नाही, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2010 साली तपासून मान्य केलेली गोष्ट आहे. आम्ही घरी एवढंच केलं, की रात्रीचं दूध बंद करून त्याला दोन वाट्या दही दिलं आणि पावडर अर्धी करून पाण्यात घ्यायला लावली. आठवड्यात गॅसच्या गोळ्यांची पट्टी पडून राहिली. प्रत्येकाच्या बाबतीत असं होईल असं नाही, पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

दुसरी भानगड भाकरीची. जिमला जाणारी पोरं एक दिवस अचानक जाहीर करतात, "मला भाकरी नको, कार्ब बंद." मग सकाळ-संध्याकाळ अंडी आणि चिकन. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं म्हणजे चोथा. ज्वारी, हरभरा, मटकी, कांदा, लसूण, पालेभाज्या. त्यातून ते जे आम्ल तयार करतात त्यावर आतड्याच्या आतलं अस्तर पोसतं. चोथा मिळाला नाही की ते न पचलेल्या प्रोटीनकडे वळतात आणि त्यातून सुटतो तो कुजक्या अंड्यासारखा वास. (मुलांच्या खोलीत गेलं की कळतं, जास्त लिहीत नाही.) बरोबर बद्धकोष्ठताही येते. म्हणजे दह्याचे पाहुणे आणायचे आणि घरच्यांना उपाशी ठेवायचं, असं होतं हे.

आता खरा प्रश्न. प्रोबायोटिकनं स्नायू वाढतात का? सरळ उत्तर द्यायचं तर, तसा भक्कम पुरावा नाही. परदेशातल्या क्रीडा-पोषण तज्ज्ञांच्या एका संघटनेनं 2019 साली सगळे अभ्यास चाळून काढले. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक जातीच्या जिवाणूचं काम वेगळं. काहींमुळे खेळाडूंचं सर्दी-पडसं कमी झालेलं दिसलं, काहींमुळे प्रोटीन जरा बरं अंगी लागलं. पण कॅप्सूल घेतली आणि दंड भरला, असं काही नाही. त्याच वर्षी अमेरिकेत एक गमतीचा शोध लागला. बोस्टन मॅरेथॉन धावलेल्यांच्या पोटात एक विशिष्ट जिवाणू वाढलेला आढळला. पळताना शरीरात जे लॅक्टेट तयार होतं ते तो खातो! तो उंदरांना दिला तर उंदीर सुमारे तेरा टक्के जास्त वेळ पळाले. उंदीर हं, माणसं नव्हेत. उलट दिशेचा पुरावा मात्र जास्त सरळ आहे. 2018 च्या एका अभ्यासात बसून काम करणाऱ्या लोकांना सहा आठवडे व्यायाम करायला लावला, तर त्यांच्या पोटातले चांगलं आम्ल बनवणारे जिवाणू वाढले. व्यायाम सोडल्यावर पुन्हा कमी झाले.

डब्यांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. 2024 साली केरळच्या डॉक्टरांच्या एका गटानं भारतात विकले जाणारे 36 प्रोटीन पावडरचे डबे तपासले. त्यातल्या 25 डब्यांवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं. काहींत बुरशीचं विष, काहींत कीटकनाशकाचे अंश. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं स्नायू वाढवण्यासाठी अशा पावडरी घेऊ नयेत असा सल्ला आपल्या आहार-मार्गदर्शनात दिला. पावडर विषच असते असं मी म्हणत नाही. पण सुटी, बिनबिलाची, 'ओळखीच्या माणसानं आणून दिलेली' तर नकोच नको.

मग प्रोटीन आणायचं कुठून? आणि इथे मला मुलाइतकंच मुलीबद्दल बोलायचंय. आमच्याकडे पहाटे पाचला पळायला जाणाऱ्यांत पोलीस भरतीच्या मुली कितीतरी आहेत. आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा. गोळा काय नुसत्या जिद्दीनं फेकला जातो? त्याला खांद्यात, पाठीत, मांड्यांत ताकद लागते. पण घरात अंडी उकडली की चार मुलाच्या ताटात आणि मुलीला "तुला कशाला गं, वजन वाढेल." दुधाचंही तेच. पोरगी चहा-बिस्किटावर पळते, परत येऊन धुणं धुते आणि सगळ्यात शेवटी जेवते. तिला चक्कर आली की म्हणायचं, मुलींना झेपत नाही!

साध्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं, असं आपल्या देशाचं प्रमाण आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला सुमारे 1.6 ग्रॅमपर्यंत घेतल्यानं फायदा दिसतो, त्यापुढे फारसा नाही. म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला झाले ऐंशी ग्रॅम. आता आपल्या घरातला हिशेब मांडू. दोन अंडी बारा ग्रॅम. दही आणि दूध मिळून अर्धा लिटर, सोळा. पन्नास ग्रॅम तुरीची डाळ अकरा, तेवढ्याच मटकीची उसळ बारा. मूठ-दीड मूठ शेंगदाणे, म्हणजे चाळीस ग्रॅम, दहा. दिवसभरात दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, वीस. बेरीज करा, एक्क्याऐंशी! यात डबा कुठेच नाही. अंडी न खाणाऱ्यांनी उसळ वाढवावी किंवा पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घालाव्यात, त्यातून तेवढंच मिळतं. फक्त तालमीतला वस्ताद सांगायचा तसं, हळूहळू वाढवायचं. एकदम दोन वाट्या उसळ दिली तर फुगणारच. मटकी भिजवून मोड आणली की जरा सोपी जाते.

आणखी एक, पळायच्या तोंडावर पोटभर खायचं नाही. जोरानं पळताना रक्त पायांकडे वळतं, आतड्याकडे कमी जातं, म्हणून कळा येतात आणि मैदानावरच शौचाला होतं. मैदानावर मुलींसाठी सोय काय असते ते तुम्हाला माहीत आहे. त्या भीतीनं कित्येक मुली पाणीच पीत नाहीत. जेवण आणि पळणं यात दोन-तीन तास असू द्यावेत, पहाटे फार तर अर्धं केळं. पाळीच्या दिवसांत पोट थोडं पातळ होणं पुष्कळजणींना होतं, त्यानं घाबरायचं कारण नाही. त्या दिवसांत दही बंद करायचंही कारण नाही, काहीही सांगू देत आजूबाजूच्या काकू!

आपल्या स्वयंपाकघरातलं नक्की काय 'जिवंत' असतं, हेही एकदा बघून घेऊ. कारण आंबवलेलं ते सगळं प्रोबायोटिक, असं सरसकट छापून येतं. इडली, ढोकळा, आंबोळी यांचं पीठ आंबतं खरं, पण वाफेत-तव्यावर जिवाणू मरतात. पचायला हलके होतात हा फायदा राहतो. ज्वारीच्या पिठाची आंबील शिजवलेली, तिचंही तसंच. तिच्यात वरून, कोमट झाल्यावर ताक घातलं तर गोष्ट वेगळी. कढी कितीही चविष्ट असली तरी उकळलेली. तेल-मिठाचं आपलं आंब्याचं लोणचं हे मुळात आंबवणं कमी आणि मुरवणं जास्त. महिनोन् महिने बाहेर टिकणारं खोक्यातलं ताक फार गरम करून बंद केलेलं असतं, त्यात जिवंत काही नाही. राहिलं ते घरचं दही, ताक, न तापवलेला चक्का. आणि घरच्या दह्यात कोणत्या जातीचे किती जिवाणू आहेत हे कुणी मोजलेलं नसतं, म्हणून काटेकोर शास्त्रीय अर्थानं त्याला प्रोबायोटिकचा शिक्का देत नाहीत. शिक्का नसला तरी दही ते दहीच.

कॅप्सूल अगदी निरुपयोगी असतात असंही नाही. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना वाईटांबरोबर चांगले जिवाणूही मरतात आणि जुलाब होतात. तेव्हा डॉक्टर ठरावीक जातीच्या कॅप्सूल देतात, त्यांचा उपयोग होतो. पण त्यांनी सांगितल्यावर आणि सांगितले तेवढेच दिवस. घरात कुणाची कॅन्सरची औषधं चालू असतील, प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या असतील, तर या कॅप्सूल विचारल्याशिवाय मुळीच नकोत. आणि शौचातून रक्त, काळी शौच, आपोआप घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, बारीक ताप यातलं काही असेल, तर दही-ताकाचे प्रयोग करत बसू नका, डॉक्टर गाठा. पोरगं "जिममुळे बारीक झालो" म्हणत असलं तरीही.

विरजणाचं विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडक्यात. दूध उकळून, बोट सोसेल इतकं कोमट झाल्यावर अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण, नीट ढवळून. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं, लागल्या लागल्या माठाजवळ गार जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत तोंडात धरवत नाही इतकं आंबट होतं. थंडीत भांडं गोधडीत गुंडाळा, रात्रभर लागेल. विरजणाला गुलाबी किंवा हिरवट रंग दिसला, तार सुटली, तर ते टाका आणि शेजारणीकडून वाटीभर नवं मागून आणा.